नव्याण्णव नायक आणि एकही खोडकर नाही

आमच्या घरांत मुलांना ९९ हा आकडा शंभराच्या आधी भेटतो. भिंतीवर अल्लाहच्या नावांची चौकट असते, मदरशात ती नावं चालीवर पाठ करून घेतात, आणि एखाद्या नानीच्या हातात तस्बीह असते. तिचे मणी मोजायला बसलं तर कधी ३३ भरतात, कधी ९९. रहमान, रहीम, करीम, जब्बार, नूर, हादी, समी. अर्थ कळायच्या कितीतरी आधी ही नावं जिभेवर बसलेली असतात.

त्यामुळे याच नावांवर कुणीतरी सुपरहिरोंचं कॉमिक काढलं आहे हे कळलं, तेव्हा माझ्यातली उर्दूची शिक्षिका आधी दचकली आणि मग वाचायला बसली. कॉमिकचं नाव ‘द ९९’. कुवेतचे मानसशास्त्रज्ञ नायिफ अल-मुतवा यांनी ते २००६ साली सुरू केलं, अरबी आणि इंग्रजीत. लेखनाला त्यांच्या जोडीला फेबियन निसिएझा होते. ‘एक्स-मेन’ लिहिलेला आणि ‘डेडपूल’ या पात्राच्या दोन जनकांपैकी एक असलेला हा माणूस. चित्रकारही अमेरिकन कॉमिक्सच्या धंद्यात मुरलेले. म्हणजे हौशी मंडळींनी जमवलेलं काम नव्हतं, पानं उलटताना ते लगेच जाणवतं.

हे कॉमिक मला एकाच वेळी खूप आवडतं आणि खूप खटकतं. दोन्हींची कारणं एकाच ठिकाणी आहेत असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

आधी त्याची मूळ कथा सांगते, कारण तिच्याइतकं सुंदर त्यात दुसरं काही नाही. १२५८ साल. हुलागूची मंगोल फौज बगदादवर चालून येते. ग्रंथालय वाचणार नाही हे ग्रंथपालांना कळून चुकलेलं असतं. ते एक रसायन तयार करतात आणि ९९ खडे घेतात. रसायनाच्या मदतीने ग्रंथांतलं सगळं ज्ञान या खड्यांमध्ये उतरवायचं, असा त्यांचा बेत. पण मंगोल आधी पोचतात. ग्रंथ आणि रसायन दोन्ही दजला नदीत फेकलं जातं. नदीचं पाणी शाईनं काळं झालं ही जुनी आख्यायिका आपण ऐकलेली असते. कॉमिक तिथून पुढे जातं. जे ग्रंथपाल जिवंत सुटतात, ते रोज नदीवर येतात आणि खडे त्या पाण्यात बुडवतात. असं कित्येक दिवस, कित्येक आठवडे. खडे शाई पितात. ज्ञान वाचतं.

मग हे खडे बगदादबाहेर न्यायचे कसे? तर त्यांच्या ३३ मण्यांच्या तीन तस्बीह करतात. म्हाताऱ्या माणसाच्या हातातली तस्बीह कोण तपासणार? अशा त्या अंदलुसला पोचतात आणि दोनशे वर्षं सुखरूप राहतात. १४९२ साली ग्रॅनडा पडतं. त्याच वर्षी कोलंबसला प्रवासाचे पैसे मिळतात, आणि तो हिंदुस्थान शोधायला निघून भलतीकडे पोचतो. ३३ खडे त्याच्या तीन जहाजांवरून नव्या जगात जातात. ३३ रेशीम मार्गाने चीनकडे आणि आपल्या दक्षिण आशियाकडे येतात. उरलेले ३३ युरोप, अरबस्तान आणि आफ्रिकेत विखुरतात. आजच्या काळात हे खडे वेगवेगळ्या देशांतल्या तरुण मुलामुलींना सापडतात आणि प्रत्येकाला एकेक शक्ती मिळते. डॉ. रम्झी नावाचा विद्वान त्यांना एकत्र आणायला निघतो. रुघल नावाच्या खलनायकाला हे सगळे खडे स्वतःसाठी हवे असतात.

बाकीचे सुपरहिरो आठवून बघा. कुणाला कोळी चावतो, कुणावर किरणोत्सर्ग होतो, कुणी दुसऱ्या ग्रहावरून येतो. शक्ती म्हणजे अपघात किंवा जन्म. इथं शक्ती बुडवलेल्या ग्रंथालयातून येते. इल्मची ताकद यावर वक्तृत्व स्पर्धेत पाच मिनिटं बोलणारी मुलं मी दरवर्षी तयार करते. ती भाषणं विसरली जातात. नदीत खडा बुडवणारा ग्रंथपाल विसरला जात नाही. आणि तस्बीह! जी वस्तू सिनेमात हमखास एकतर फकिराच्या नाहीतर स्मगलरच्या हातात दिसते, ती इथं ग्रंथालय लपवायची जागा झाली आहे. वर गंमत अशी की ती स्मगलच केली जाते.

दुसरी गोष्ट मला आवडते ती वाटणीची. अल-मुतवा हे मूळचे रुग्णांमध्ये बसणारे डॉक्टर. राजकीय छळ सोसलेल्या लोकांवर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये उपचार केले, कुवेतमध्ये युद्धकैदी राहिलेल्यांबरोबर काम केलं. ज्या नेत्याला लहानपणापासून हिरो मानलं त्याच्याच राजवटीत छळ झाला, असं सांगणारी माणसं आपल्याला भेटली, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. मला वाटतं ९९ या आकड्याचं खरं कारण तिथं आहे. शक्ती एका माणसाच्या हाती द्यायचीच नाही. ती इतक्या जणांत वाटून टाकायची की कुणालाच एकट्याने काही करता येऊ नये. कॉमिकमध्ये ही मुलं सहसा तिघांच्या गटात काम करतात. एक मुलगा आणि एक मुलगी एकांतात नसावेत या आपल्याकडच्या संकेतातून हे आलं, असंही लेखकाने हसत हसत सांगितलं आहे. पण संकेतातून आलेली गोष्ट कथेच्या फार कामाची ठरली. दोघांत भांडण होतं, तिघांत राजकारण होतं, आणि गोष्टीला राजकारणच लागतं.

तिसरी गोष्ट, मुली. सौदी अरेबियाचा जब्बार हा दांडगा गडी आहेच. भूसुरुंगावर पाय पडला आणि खड्याचे तुकडे त्याच्या अंगात रुतले. पण त्याच्या बरोबरीने अमिरातीची नूरा आहे, समोरच्याच्या मनातला उजेड आणि अंधार तिला दिसतो. पोर्तुगालची मुमिता मारामारीत कुणाला ऐकत नाही. घानाची मुसव्विरा विस्कटलेलं लावून देते. येमेनची बातिना बुरख्यात असते आणि दिसेनाशी होणं हीच तिची शक्ती. कुणाचं डोकं झाकलेलं, कुणाचं उघडं, आणि त्यावर कुणी कुणाला शिकवायला जात नाही. अमेरिकेचा दार्र चाकाच्या खुर्चीत बसतो आणि दुसऱ्याची वेदना वाढवू किंवा थांबवू शकतो. मुसलमान म्हणजे अरब, हा समज आपल्या लोकांतही इतका मुरलेला आहे की हंगेरी, फिलिपिन्स, दक्षिण आफ्रिका अशी नावं एकाच फौजेत वाचताना छाती जरा फुलते.

आता वादाकडे. अल्लाहची नावं माणसांना कशी देता, हा पहिला आक्षेप आला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्याकडे मुलाचं नाव अब्दुल रहीम ठेवतात, म्हणजे रहीमचा बंदा. गल्लीत त्याचा रहीम होतो, शाळेच्या पटावर ‘अब्दुल’ हे नाव आणि ‘रहीम’ हे वडिलांचं नाव होऊन बसतं. मग कुणीतरी आजोबा टोकतात, “पूरा नाम लो.” हा टोकण्याचा संस्कार माझ्यावरही आहे. लेखकाला तो ठाऊक होता. म्हणून त्याने नावांतला ‘अल’ काढला. अल-जब्बार तो एकच. नुसता जब्बार कुणी माणूस असू शकतो. जी नावं फक्त त्याचीच, ती वापरायची नाहीत असंही ठरवलं. आणि हा विचार काही कुवेतमध्ये परवा जन्मलेला नाही. इमाम गझालींनी या नावांवर लिहिलेल्या ग्रंथात एकेका नावाचा अर्थ सांगून झाला की बंद्याच्या वाट्याला त्यातलं काय येतं, हेही सांगितलं आहे. त्याच्या रहमतीतून आपण दया शिकावी, हे तर कुठल्याही खेड्यातले मौलाना जुम्म्याच्या बयानात सांगतात.

तरी सौदी अरेबियात हे कॉमिक आधी बंद होतं. पुढे बहरीनच्या एका इस्लामी गुंतवणूक बँकेने पैसे घातले, तिच्या शरिया मंडळाने हिरवा कंदील दाखवला, आणि वाट मोकळी झाली. २०१० मध्ये ओबामांनी वॉशिंग्टनच्या भाषणात लेखकाचं कौतुक केलं. त्याच वर्षी ‘डीसी’ने सुपरमॅन-बॅटमनच्या टोळीबरोबर या मुलांची सहा अंकांची मालिका काढली. अ‍ॅनिमेशनही झालं. अमेरिकेत लगेच उलटी ओरड सुरू झाली, की आमच्या पोरांना गुपचूप शरिया पाजतायत. तिथल्या वाहिनीने मालिका दाखवायचं लांबवलं आणि लांबवतच ठेवलं. २०१४ मध्ये सौदीतून विरोधात फतवा आला, मग कुवेतमध्ये खटला, मग जिवे मारण्याच्या धमक्या. एकाच पुस्तकाबद्दल एक म्हणतो हा फार इस्लाम झाला, दुसरा म्हणतो हा इस्लामच नव्हे.

लेखकाच्या हिमतीला माझा सलाम आहे. पण बाहेरच्या संकटांनी पुस्तक मेलं, एवढंच म्हणून मला थांबता येत नाही. पुस्तकाची दुखणी पुस्तकातही होती.

बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण लिहायला लावायचे. त्यात एक रकाना मूल्यांचा. सहिष्णुता, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, असं काहीतरी तिथं भरावंच लागे. हुशार विद्यार्थी-शिक्षक आधी धडा वाचून मग रकाना भरायचे. बाकीचे रकाना आधी भरायचे आणि मग धड्याला त्यात कोंबायचे. ‘द ९९’चे मधले अंक वाचताना मला सारखं वाटतं की इथं रकाना आधी भरलेला आहे. मुलाला खडा सापडतो, शक्ती कळते, तो घाबरतो, डॉ. रम्झी येतात, चार समजुतीच्या गोष्टी सांगतात, मुलगा फौजेत येतो. पुढचा खडा. वाचणाऱ्याला तिसऱ्या वेळी पान उलटण्याआधीच पुढचं पान माहीत असतं.

शिवाय एक पात्र म्हणजे एक विशेषण. हादिया रस्ता दाखवते, म्हणून ती रस्ताच दाखवते. फत्ताह उघडतो, म्हणून तो वाटाच उघडत राहतो. देवाच्या बाबतीत एक नाव हे अथांग असतं. माणसाच्या बाबतीत एकच नाव म्हणजे फार थोडं. पात्रं इतकी आहेत की कुणाच्या घरी आपण बसतच नाही. त्याची आई त्याला काय म्हणून हाक मारते, त्याच्या खिशात पैसे असतात का, त्याला कोण आवडतं, यातलं फारसं काही हाती लागत नाही. आणि एवढं करून सगळे ९९ आलेच नाहीत. मला विचाराल तर नऊ पुरले असते.

धर्माचं नाव न घेण्याबद्दलही माझं मत दुहेरी आहे. ही मूल्यं सगळ्यांची आहेत, म्हणून कॉमिकमध्ये इस्लामचा उल्लेख करायचा नाही, असं लेखकाने ठरवलं होतं. हेतू चांगला. पण मग बगदादच्या तस्बीहीतून निघालेल्या गोष्टीत कुणाला फजरला उठायचा कंटाळा येत नाही, रोजात चिडचिड होत नाही, ईदच्या कपड्यांवरून रुसवा नाही. मुलांना ज्यातून धर्म कळतो तेच गाळलं, आणि उरला तो गुणांचा तक्ता.

याचं कारण मला ओळखीचं आहे. आमच्यापैकी ज्यांनी मराठी माध्यमाच्या शाळेत किंवा कचेरीत नोकरी केली आहे त्यांना एक शाबासकी हमखास मिळते: “तुम्ही मुस्लीम वाटतच नाही हो, किती छान मराठी बोलता!” म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. आपणही हसून चहा घेतो. पण त्या शाबासकीची सवय लागली की माणूस चोवीस तास इस्त्रीच्या कपड्यांत वावरायला लागतो. आवाज चढवायचा नाही, उशीर करायचा नाही, एकाने चूक केली तर ती सगळ्यांच्या खात्यावर जाणार. ‘द ९९’ची मुलं अशी इस्त्री केलेली आहेत. एका डोळ्याने ती पश्चिमेकडे बघतात, आम्ही धोकादायक नाही ना वाटत? दुसऱ्या डोळ्याने मुफ्तींकडे, आम्ही मर्यादा नाही ना ओलांडली? समोर बसून गोष्ट वाचणाऱ्या बारा वर्षांच्या पोराकडे बघायला तिसरा डोळा उरलेला नाही. आणि दोन्ही परीक्षकांनी शेवटी नापासच केलं.

खरं तर आपल्याकडे यावर तोड होती. दास्तान-ए-अमीर हमजा घ्या. तीही एक टोळीच आहे. अकबराने तिची सुमारे चौदाशे चित्रं काढून घेतली होती, मोठाल्या कापडावर, चित्राच्या पाठीमागे मजकूर. म्हणजे चित्रकथाच की ती. पुढे लखनऊच्या नवल किशोर छापखान्यातून तिचे ४६ खंड उर्दूत निघाले. त्यात हमजा हा शूर, सज्जन, देखणा नायक. आणि लोकांना सर्वांत जास्त आवडतो कोण? अमर अय्यार. हमजाचा जिवलग दोस्त. लोभी, कंजूष, सोंगाड्या, वेळ आली की पळ काढणारा, आणि त्याच्या झंबील नावाच्या झोळीत सगळी दुनिया मावते. शेकडो वर्षं मुसलमान श्रोते या माणसावर हसले आणि कुणाचं ईमान त्याने बिघडलं नाही. ‘द ९९’मध्ये असा एकही नाही. ९९ जणांत एकही खोडकर नाही, हे मला मुळातच पटत नाही. माझ्या वर्गात चाळीसच्या पटावर किमान सहा असतात.

योगायोग बघा, ज्या २०१४ साली फतवा आला, त्याच वर्षी अमेरिकेत मार्व्हलने कमला खान हिचं ‘मिस मार्व्हल’ स्वतंत्र कॉमिक म्हणून सुरू केलं. जर्सी सिटीतली पाकिस्तानी घरातली मुलगी. तिला अम्मी-अब्बू आहेत, जरा जास्तच दीनदार भाऊ आहे, मशिदीत शेख आहेत, ती घरी थापा मारते, रात्री चोरून बाहेर पडते. ते पुस्तक लोकांनी उचलून धरलं, पुढच्या वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळाला. ती एकटी आहे, हे तर ९९ आहेत. पण तिचं घर आपल्याला माहीत होतं. तरीही तिच्याकडे बगदादची नदी नाही. ती कल्पना अल-मुतवांचीच, आणि तेवढ्यासाठी मी दोघांत त्यांना वर ठेवीन.

जाता जाता एक आठवण. इंद्रजाल कॉमिक्समधला ‘बहादूर’ ज्यांनी वाचला आहे, त्यांना केशरी कुर्ता आणि जीन्स घातलेला, चंबळच्या डाकूंशी लढणारा तो तरुण आठवत असेल. १९७६ साली त्याला जन्म दिला मुंबईच्या आबिद सुरतींनी. नायक मुसलमान नव्हता, लेखक होता. बहादूर कुणाचा प्रतिनिधी म्हणून उभा नव्हता, म्हणूनच की काय, तो मोकळेपणी धावायचा.

मुलांना हे कॉमिक द्यावं का, असं विचारणाऱ्या पालकांना मी सांगते, खुशाल द्या. पहिले अंक नक्की द्या. पुढचे त्याला आवडले तर त्याचे तो मिळवेल. मात्र ‘बघ, मुसलमान असे असतात’ म्हणून देऊ नका, गोष्ट म्हणून द्या.

मी स्वतः आठवीच्या उर्दूच्या तासाला फक्त तीन तस्बीहींची कथा तोंडी सांगितली आणि रेशीम मार्गावरच्या ३३ खड्यांपाशी थांबले. त्यातला एक इकडे आला असेल तर कुठे, हे लिहून आणा म्हटलं. बहुतेकांनी खडा दौलताबादच्या किल्ल्यात नाहीतर हाजी अलीला ठेवला, आणि तो एखाद्या गुणी मुलाला मिळाला. एका मुलीने तो नानीच्या तुटलेल्या तस्बीहीत ओवला. ३२ मणी आणि एक वेगळा. मागच्या बाकावरच्या एका पठ्ठ्याच्या नायकाला खडा भिवंडीत, बंद पडलेल्या यंत्रमागाखाली सापडतो. तो काय करतो, तर दोनशे रुपयांना विकून टाकतो. त्या पैशांत मित्रांबरोबर सीख कबाब खातो. रात्री त्याला कळतं की काय विकलं. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातल्या सर डोकावून गेले. मग सगळ्यांनी त्याला धरलं, पुढे काय? तो म्हणाला, “मॅडम, अजून लिहिलं नाही. खडा सध्या कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे आहे, आणि तो पाचशे मागतोय.”